एका कार्डावरच्या बहिणी

१४ मार्च २०२३, मंगळवार. कंपालाच्या कात्वे भागातल्या 'क्वेतू' या जुन्या कपड्यांच्या दुकानात त्या एका दिवसात तीन लाख सेहेचाळीस हजार पाचशे शिलिंगची विक्री झाली. दुकानाला चार वर्षं झाली होती, पण एवढा गल्ला कधी जमला नव्हता. मापेंदोने आकडा वहीत लिहिला आणि शेजारी दोनच शब्द टाकले : नऊ कोट.

कात्वेच्या उकाड्यात लोकरीचा कोट घ्यायला कोण येणार, असं कुणालाही वाटेल. ओविनो बाजारातल्या ठोक व्यापाऱ्यांनाही तसंच वाटे. समुद्रापलीकडून येणाऱ्या जुन्या कपड्यांच्या गासड्यांमध्ये शर्ट, जीन्स, मुलांचे कपडे यांच्यावर उड्या पडत. कोटांची गासडी मात्र कोपऱ्यात धूळ खात पडे आणि शेवटी निम्म्या भावात कुणाच्या तरी गळ्यात मारली जाई. क्वेतूच्या बायकांनी ती आपण होऊन गळ्यात घालून घेतली. कोटाचं गिऱ्हाईक या शहरात आहे, फक्त ते बाजारात फिरत नाही, घरात बसून फोनची वाट बघतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्याही त्यांतल्याच होत्या. काँगोतून पळून आलेल्या कुटुंबांपैकी काहींना दरवर्षी एखाद्या थंड देशात कायमचं राहायला बोलावणं येई. आलं की थोड्याच दिवसांत निघायचं. मग ती माणसं म्हाताऱ्यांसकट, तान्ह्यांसकट क्वेतूत येत.

दुकान पाच बायकांनी मिळून काढलं होतं. त्यातल्या दोघींना बोलावणं आलं आणि त्या गेल्या. मागे तिघी उरल्या. रिझिकी सगळ्यांत मोठी, पंचवीस वर्षांची. गासडी ठरवणं, घासाघीस करणं, हातगाडीवाल्याशी भांडणं हे तिचं काम. नाबिन्तू सर्वांत धाकटी, पाठीला बांधलेलं वर्षाचं मूल आणि हातात कोळशाची इस्त्री. मधली मापेंदो. तिच्याकडे नजर होती. माणूस दारातून आत आला की त्याच्या खांद्याचं माप तिच्या डोळ्यांत उतरे. थंडी म्हणजे काय हे तिने जन्मात अनुभवलं नव्हतं, पण गेलेली माणसं फोनवर फोटो पाठवत, ते छापून दुकानाच्या भिंतीवर लावलेले होते आणि त्यांवरून ती शिकली होती. बाही मनगटाच्या खाली दोन बोटं उतरली पाहिजे. चेन हनुवटीपर्यंत गेली पाहिजे. मुलांचा कोट एक माप मोठाच घ्यायचा, कारण तिकडे पोरं फार वाढतात. बटणांपेक्षा चेन बरी, कारण बधिर बोटांना बटण लागत नाही. हे सगळं ती अशा ठामपणे सांगे की ऐकणाऱ्याला वाटावं, ही दहा हिवाळे काढून आली आहे.

नफ्यातला निम्मा वाटा नव्याने आलेल्या बायकांसाठी असे. सीमेवरून एका कपड्यानिशी आलेल्या बाईला दोन जोड कपडे आणि आठवडाभराचं जेवण क्वेतूतून मिळे. तिला कोण, कुठली, हे कुणी विचारायचं नाही असा तिघींचा दंडक होता. ते विचारणारी माणसं शहरात पुष्कळ होती.

त्या मंगळवारी ब्यामुंगूकाका आले होते. चर्चमध्ये ढोल वाजवणारे, आवाजाने मोठे आणि मनाने सरळ. सोबत बायको, सहा मुलं आणि म्हातारी सासू. सगळी कॅनडातल्या विनिपेगला निघालेली.

"यात मी अस्वल दिसतो गं," काळा कोट चढवून काका म्हणाले. शेजारच्या चुली ठोकणाऱ्या कारागिरांचा खणखणाट चालू होता आणि त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"तिकडे सगळेच अस्वल दिसतात, काका. तुम्ही एकटे नाही पडायचे."

"मला नको बाई असलं काही," सासूबाई म्हणाल्या. "मी दोन कितेंगे गुंडाळीन. माझ्या आईने आयुष्यभर एकच गुंडाळलं."

"आजी, तिकडे ओलं लुगडं वाळत घातलं तर पापडासारखं मोडतं म्हणे. तुमचंही मोडलं तर लोक काय बघतील?"

म्हातारी तोंडावर हात धरून हसली आणि मुकाट्याने बाहीत हात घातला. नऊ कोट बांधून झाले. काका नोटा मोजायला लागले आणि मोजता मोजता म्हणाले, "तुझी ताई कुठाय?"

"ओविनोला गेलीय. नवी गासडी आणायला."

"हुशार पोरगी हो. तीन दिवस आमच्याबरोबर वर्गात होती, पण सगळ्यांत जास्त प्रश्न हिचेच. बर्फावरून चालायचं कसं, घरभाडं कुठल्या तारखेला, काम सुटलं तर काय. मास्तर पण दमला."

"कसला वर्ग, काका?"

"अगं, जाणाऱ्यांचा. निघायच्या आधी घेतात तो. तुझा नंबर पुढच्या तुकडीत असेल. म्हटलं, दोघी बहिणींना वेगळं का बोलावलं, पण असेल त्यांचं काही तरी..."

काकांच्या बायकोने त्यांच्या दंडाला चिमटा काढला. तिच्या लक्षात आलं होतं. "अहो, पैसे मोजा आधी," ती म्हणाली. "बोलता बोलता पाच हजार जास्त दिलेत."

मापेंदोने जास्तीची नोट परत केली. गाठोड्यांच्या गाठी पुन्हा एकदा ओढून बघितल्या. मुलांना दारापर्यंत सोडलं. मग आत येऊन रिकामे नऊ हँगर एकेक करून दांडीच्या टोकाला सरकवले.

तीन दिवस. तिला फार आठवावं लागलं नाही. फेब्रुवारीत रिझिकीची दाढ दुखत होती. लागोपाठ तीन दिवस ती सकाळीच दवाखान्यात जाई आणि संध्याकाळी गालाला हात लावून परत येई. मापेंदो तिन्ही दिवस लवकर घरी गेली होती. मिठाचं कोमट पाणी करून दिलं, बाजरीची पातळ पेज केली, साखर आपल्या वाट्याची घातली. रिझिकीने ती पेज एका बाजूने हळूहळू प्यायली होती. धड दातांनी, तीन दिवस.

या दोघी बहिणी नव्हत्या. काँगोतल्या उविरात त्यांची घरं शेजारी होती. रिझिकीची आई सोलांज तळ्यातले छोटे न्दागाला मासे वाळवून विकायची आणि मापेंदोची आई तिच्याकडून उधारीवर घ्यायची, एवढंच नातं. २०१६ मध्ये मापेंदोच्या घरातलं कुणी उरलं नाही, तेव्हा सोलांजने तिचा हात आपल्या मुलीच्या हातात दिला. "दोघी जा. मी म्हाताऱ्या बापाला सोडून येऊ शकत नाही." बुनागानाची सीमा ओलांडून, ट्रकच्या टपावरून दोघी कंपालाला पोचल्या. निर्वासितांच्या नावनोंदणीच्या रांगेत पुढे एक अनुभवी बाई होती. तिने मागे वळून विचारलं, "कोण गं तुम्ही एकमेकींच्या?" शेजारणी म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला. "वेड्या आहात का? शेजारणींना वेगळं करतात. एक या छावणीत, एक त्या. बहिणी म्हणा. बहिणींना तोडत नाहीत." खिडकीपर्यंत पोचेतो त्या बहिणी झाल्या होत्या. मोठी रिझिकी म्हणून कुटुंबप्रमुख ती, फोन नंबर तिचा, खाली मापेंदोचं नाव. दोघींचं मिळून एक कार्ड. त्या दिवसापासून मापेंदो तिला ताई म्हणू लागली.

पुढच्या वर्षी सोलांज वारल्याचं कळलं तेव्हा दोघींनी केस उतरवले. तोपर्यंत खोटं बोलतोय असं मापेंदोला वाटेनासं झालं होतं. आई म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर कधी एक येई, कधी दुसरी.

मग गेल्या नोव्हेंबरात मुलाखतीचा निरोप आला. सहा वर्षं ज्याची वाट बघितली तो. दोघींनी आदल्या दिवशी दुकान बंद ठेवून सगळी उजळणी केली : आईचं नाव, स्वयंपाकघराचा दरवाजा कुठल्या रंगाचा, आजोबा कुठल्या पायाने लंगडायचे. रिझिकी आधी आत गेली. पाऊण तासाने बाहेर आली. मापेंदोला आत बोलवायला दहा मिनिटं होती आणि त्या दहा मिनिटांत दोघी एका बाकावर बसल्या होत्या. "कसं झालं?" मापेंदोने विचारलं. "ठरलं तसं," रिझिकी म्हणाली.

आत अधिकारी चांगला होता. त्याने जन्मतारीख विचारली, तिने सांगितली. नक्की का, विचारलं, नक्की, म्हणाली. रिझिकी तुझी सख्खी बहीण? हो. एकाच आईची? हो. यातलं काही तुला बदलून सांगायचं आहे का? त्याने हे तीनदा विचारलं. तिला वाटलं, हा परीक्षा बघतोय. तिसऱ्या वेळी तिने उजवा हात छातीवर ठेवून सांगितलं, एकाच आईच्या पोटच्या.

संध्याकाळी हातगाडीवरून गासडी आली. पंचेचाळीस किलोंची, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी करकचून आवळलेली. रिझिकी घामाघूम होऊन आत आली. "मेला दोन लाखांच्या खाली उतरत नव्हता," ती म्हणाली. "म्हटलं, ठेव तुझ्याकडे, घाल तूच. मग आला ताळ्यावर. नाबिन्तू, कात्री."

गासडी उघडायची एक रीत होती. तिघी भोवती बसायच्या. पट्ट्या कापल्या की दाबलेले कपडे श्वास घेतल्यासारखे फुगायचे. मग तीन ढीग : चांगले, चालतील असे, चिंध्या. ढीग पूर्ण होईपर्यंत आवाज चढवायचा नाही. उघड्या गासडीवर भांडण झालं तर कपडे हँगरवरच म्हातारे होतात, असं ओविनोतल्या जुन्या बायका सांगत आणि ते या तिघींनी पहिल्या दिवसापासून पाळलं होतं. म्हणून मापेंदो बसली. अस्तर तपासलं, चेन वरखाली केल्या. चांगल्यांचा ढीग गुडघ्याएवढा झाला तेव्हा हात न थांबवता तिने विचारलं, "दाढ कशी आहे?"

"दाढ? बरी आहे की. का गं?"

"बर्फावरून कसं चालायचं असतं?"

रिझिकीच्या हातात लाल कोट होता. तिने तो घडी न करता मांडीवर ठेवला.

"ब्यामुंगूकाका येऊन गेले," मापेंदो म्हणाली. "तुझं फार कौतुक करत होते."

नाबिन्तूने एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे. "मी पाणी आणते," ती म्हणाली आणि उठली नाही.

"मी सांगणार होते," रिझिकी म्हणाली.

"कधी? विमानातून?"

"हळू बोल. गासडी उघडी आहे."

"मी हळूच बोलतेय. माझं नाव कुठाय, ताई? तुझ्या खाली होतं ना? कुठे गेलं?"

रिझिकीने सांगितलं. सांगताना ती लाल कोटाची चेन सारखी उघडत होती, लावत होती. आत गेल्या गेल्या अधिकाऱ्याने कार्ड तिच्यासमोर ठेवलं होतं. तिची जन्मतारीख ११ सप्टेंबर १९९७, मापेंदोची २ मार्च १९९८. "तुमच्या आईने सहा महिन्यांत दोन मुलींना जन्म दिला का?" एवढंच त्याने विचारलं. दोघींनी नोंदणीच्या वेळी आपापली खरी तारीख सांगितली होती. वाढदिवस साजरा करायची रीत दोघींच्याही घरी नव्हती. वर्षातला फरक दोघींना माहीत होता, महिन्यांकडे सहा वर्षांत कुणी बघितलं नव्हतं. खोटी आई, खोटा दरवाजा, खोटे आजोबा, सगळं पाठ केलं आणि दोन खऱ्या तारखांनी घात केला.

"मला काही सुचेना," रिझिकी म्हणाली. "मी खरं सांगितलं. शेजारीण आहे म्हटलं. तो म्हणाला, बरं झालं सांगितलंस, तुझं वेगळं बघू."

"खरं बोललीस ते ठीक. मी काही म्हणत नाही त्याला." मापेंदोने हातातला कोट चालतील अशांच्या ढिगात ठेवला. "दहा मिनिटं माझ्या शेजारी बसली होतीस. तारीख पकडलीय, एवढे दोन शब्द. मीही आत जाऊन खरं बोलले असते."

"शिपाई होता समोर."

"शिपायाला आपली भाषा येत होती का?"

रिझिकीने चेन पुन्हा वरपर्यंत ओढली.

"मी छातीवर हात ठेवून शपथ घेतली," मापेंदो म्हणाली. "त्याने तीनदा विचारलं. त्याला कीव येत होती माझी, आता कळतंय. आणि तू बाहेर बसून काय करत होतीस?"

"तुझ्या तोंडाकडे बघून बोलवेना गं."

"माझ्या हातची पेज पिताना बघवत होतं."

नाबिन्तू या वेळी खरंच पाणी आणायला उठली. ढीग पूर्ण झाले. गासडीत एक्केचाळीस नग निघाले, त्यांत चिंध्या फक्त तीन. इतका चांगला माल बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मापेंदो मुलाखत झाली होती त्या कचेरीत गेली. रांगेत चार तास उभी राहिली. मनात एकच होतं : जे खोटं बोललो ते आपणच जाऊन खरं करायचं, म्हणजे फाइल पुन्हा चालू होईल. मागून जाऊ, एकटी जाऊ, पण जाऊ. खिडकीतल्या बाईने नाव टाकून बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तुम्ही आता येताय? तुम्हाला ३० जानेवारीला खुलाशासाठी बोलावलं होतं."

"मला? नाही बाई. मला काही निरोप नाही."

"संदेश पाठवलाय. दोनदा फोनही केलाय. एका बाईने उचलला, सांगते म्हणाली. तुम्ही आला नाहीत म्हणून प्रकरण बंद केलंय." तिने संगणकाचा पडदा थोडा वळवला आणि नंबर वाचून दाखवला. तो नंबर मापेंदोला स्वतःच्या नावासारखा पाठ होता.

आदल्या संध्याकाळी तिला जे दुखलं होतं ते निराळं होतं. भेदरलेली मुलगी एका प्रश्नासरशी गडबडून खरं बोलून जाते, मग तोंड दाखवायची लाज वाटते आणि लाज वाढत जाते. हे मापेंदोला समजण्यासारखं होतं. रात्रभर तडफडून पहाटेपर्यंत तिने ते थोडंफार समजूनही घेतलं होतं. पण ३० जानेवारीचा फोन गडबडीत उचललेला नव्हता. तो दोनदा आला होता. "सांगते" म्हणून ठेवला होता. त्या दिवशी संध्याकाळी दोघींनी मिळून सोंबे, म्हणजे कसाव्याचा पाला, शिजवलं होतं, रिझिकीने तिखट जास्त घातलं म्हणून मापेंदो तिला चिडवत होती.

खिडकीतल्या बाईने एक कोरा कागद पुढे सरकवला. "जे सांगायचं ते लिहून द्या. न येण्याचं कारण पण लिहा. कुणी मुद्दाम निरोप दडवला असेल तर तसं नाव घालून लिहा. त्या माणसाचंही प्रकरण मग तपासतात."

मापेंदो भिंतीलगतच्या फळीपाशी जाऊन उभी राहिली. पेन दोरीला बांधलेलं होतं. तिने आपल्या आईचं खरं नाव लिहिलं, सहा वर्षांत पहिल्यांदाच. खरं गल्लीचं नाव, खरे भाऊ, किती होते. रांगेतल्या त्या बाईने काय सांगितलं आणि आपण काय केलं. मग न येण्याच्या कारणाशी येऊन तिचा हात थांबला. एक ओळ लिहिली असती तर रिझिकीचं विमान चुकलं असतं. ती ओळ तिच्या मनात पूर्ण तयार होती, शब्दही खरे होते. मागची माणसं खाकरायला लागली. शेवटी तिने लिहिलं : "निरोप मिळाला नाही. फोन माझा नाही." दोन्ही वाक्यं खरी होती. तिला मोठं मन दाखवायचं नव्हतं. कार्डावर दुसरीबद्दल काही लिहायचं आणि त्यावर आपलं नशीब बांधायचं, हे एकदा करून झालं होतं.

घरी आल्यावर तिने दारातच विचारलं, "३० जानेवारी."

रिझिकी भांडी विसळत होती. ती वळली नाही. "तू गेली असतीस तर माझंही थांबवलं असतं त्यांनी. दोघींचं पुन्हा पहिल्यापासून. सहा वर्षं अजून. मी नाही सहा वर्षं काढू शकत, मापे."

"आणि मी काढू शकते."

"तू शहाणी आहेस. तुझ्या हातात कला आहे. तुला इथेही..."

"पुरे," मापेंदो म्हणाली. "मला आता मापे म्हणू नकोस."

एकाच खोलीत त्या पुढचे दोन महिने राहिल्या. दोन चुली झाल्या. घरमालकीण नालोंगो, म्हणजे जुळ्यांची आई, सगळ्या आळीत तिला याच नावाने ओळखत, तिने पहिल्याच दिवशी धुराचे दोन झोत बघून ताडलं. "काय गं पोरींनो, घर फुटलं?"

"आम्ही बहिणी नाही, नालोंगो," मापेंदोने सांगितलं.

"ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी जुळी जन्माला घातलीत, बहिणी मला शिकवू नकोस. सख्ख्या बहिणी साबणावरून भांडतात. तुम्ही कधी भांडला नाहीत."

दुकानातही कुणाला नवल वाटलं नाही. "हिचं नाक बघा, तिचं नाक बघा," नाबिन्तू म्हणाली. "मला वाटलं, बाप दोन असतील. विचारायचं नाही असा नियम तुम्हीच केलात ना?" आळीतल्या बायका मात्र दोन गटांत वाटल्या गेल्या. काही म्हणाल्या, बुडत्याने हाताला लागेल ते धरलं, त्यात पाप कसलं? काही म्हणाल्या, धरलं ते दुसऱ्याचं डोकं होतं. मापेंदो दोन्ही ऐके आणि चेन तपासत राही.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी रिझिकी दुकानात आली आणि काउंटरच्या बाहेरच्या बाजूला उभी राहिली. दुकानातून तिने नाव काढून घेतलं होतं, वाटा घेतला होता. "कोट लागेल मला," ती म्हणाली. "एडमंटन. तूच निवडून दे. तुझ्यासारखी नजर..."

"आधी या दोघी आहेत. रांगेत थांबा."

थांबा, ती म्हणाली. रिझिकी थांबली. तिची पाळी आली तेव्हा मापेंदोने तिच्या खांद्यांकडे एकदा बघितलं आणि दांडीवरून हिरवा जाड कोट काढला, टोपीला आतून लोकर असलेला. रिझिकीने अंगात घातला. बाही मनगटाखाली दोन बोटं, चेन हनुवटीपर्यंत. एका बोटाचाही फरक नव्हता. सहा वर्षं रोज बघितलेले खांदे होते ते.

"किती?"

"पंचावन्न हजार."

"जाणाऱ्या बायकांना चाळीसला देतो ना आपण?"

"देतो," मापेंदो म्हणाली. "ज्यांना आम्ही सोडायला जातो त्यांना."

रिझिकीने पंचावन्न हजार मोजून ठेवले. मग काही तरी बोलावं म्हणून ती तशीच उभी राहिली, त्या उकाड्यात, कोट अंगात ठेवून. तिच्या वरच्या ओठावर घाम जमला. "तुझं झालं की कळव," ती म्हणाली. "मी तिकडे खोली बघून ठेवीन."

"पुढचं गिऱ्हाईक उभं आहे," मापेंदो म्हणाली.

९ मे रोजी रिझिकीची बस भल्या सकाळी एन्टेबेच्या विमानतळाकडे निघाली. नाबिन्तू सोडायला गेली होती. परत आल्यावर तिने सांगितलं की रिझिकी खिडकीशी बसली होती आणि रडत होती. मग मापेंदोच्या चेहऱ्याकडे बघून ती पुढचं सांगायची थांबली. मापेंदोने इस्त्रीत कोळसे घातले आणि फुंकर मारली.

पंधरा दिवसांनी एका अनोळखी लांबलचक नंबरावरून दुकानाच्या फोनवर फोटो आला. हिरवा कोट, मागे करडं आकाश, कुठेही बर्फ नव्हतं. नाबिन्तूला तो बाकीच्या फोटोंशेजारी भिंतीवर लावायचा होता. मापेंदो नको म्हणाली नाही. पण कोट दाखवताना गिऱ्हाइकांना ज्या फोटोंकडे बोट करते, त्यांत ती तो धरत नाही.

तिच्या अर्जाला जूनमध्ये नवा नंबर मिळाला. नवं कार्डही मिळालं. त्यावर एकच नाव आहे आणि फोन नंबर तिचा स्वतःचा, त्यासाठी तिने हप्त्याने फोन घेतला. किती दिवस लागतील, असं विचारल्यावर खिडकीतल्या बाईने खांदे उडवले. "आधीचं खोटं नोंदलेलं आहे. ते पुसत नाही. त्याच्या शेजारी खुलासा जोडतात, एवढंच. बोलावू." मापेंदोने फोनचा आवाज पूर्ण मोठा करून ठेवला आहे. दुकानात तो वाजला की नाबिन्तू इस्त्री उभी करते आणि दोघी क्षणभर त्याच्याकडे बघतात. बहुतेक वेळा कुठल्या तरी कुटुंबाला कोट हवे असतात.

खोली तिने सोडलेली नाही. दोघींत मिळून दोन लाख भाडं होतं, ते आता ती एकटी भरते. मे आणि जूनचं पुरं दिलं. जुलैच्या भाड्यातले तीस हजार शिलिंग नालोंगोला द्यायचे राहिले आहेत.